फळीवरचा शेवटचा नग

गुरुवार, ६ फेब्रुवारी
अंधेरी ऑफिस

नमिता मॅडम, नमस्कार.

मी अनुपमा. अंधेरीच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं बघते. आपण कधी भेटलेलो नाही, पण रोज सकाळी तुमच्या मानखुर्दच्या गोडाऊनचं नाव लाल अक्षरांत माझ्या स्क्रीनवर येतं, त्यामुळे ओळख नाही असंही म्हणवत नाही. शौनक सरांचा हुकूम आहे की या विषयावर फोन नाही, व्हॉट्सअॅप नाही, जे काय ते मेलवर. म्हणून हे पत्र.

विषय तुम्हाला माहीत आहे, तरी एकदा नीट मांडते. जानेवारीत नवीन सॉफ्टवेअर आलं. तेव्हापासून असं होतंय: समजा कमरेचा पट्टा, मोठं माप. सिस्टीम म्हणते फळीवर एक नग आहे. कोणी पेशंट अॅपवर तो मागवतो. तुमच्याकडून स्कॅनरवर उत्तर येतं, 'सापडला नाही'. ऑर्डर रद्द, सिस्टीम शून्य धरते. शनिवारी मोजणी होते आणि तोच नग फळीवर हजर! सिस्टीम पुन्हा एक दाखवते. पुन्हा कोणी मागवतो, पुन्हा सापडत नाही. वॉकर, कमोडची खुर्ची, मानेचा पट्टा, सगळ्यांची हीच कथा.

सॉफ्टवेअरवाले म्हणतात गोडाऊनची चूक. तुम्ही म्हणता मशीनची. मी दोघांच्या मध्ये बसून दोघांच्या शिव्या खाते. सरांचं तिसरंच. त्यांना वाटतं की तुमच्याकडच्या बायका माल बाहेर नेऊन भाड्याने देतात आणि मोजणीच्या आधी आणून ठेवतात. महिनाअखेरपर्यंत कारण सापडलं नाही तर माल काढणाऱ्या सगळ्यांना काढून ते काम कंत्राटदाराला देणार, असं त्यांनी मीटिंगमध्ये स्पष्ट सांगितलंय. तुम्ही ऑफिस सांभाळता, तुम्ही राहाल. बाकीच्या जातील.

मला कोणाची नोकरी घालवायची हौस नाही. नक्की काय होतं ते सांगा, म्हणजे मी निस्तरते.

अनुपमा


७ फेब्रुवारी
मानखुर्द

अनुपमा मॅडम,

माल भाड्याने देतात? कमोडची खुर्ची? ती डोक्यावर घेऊन गेटवरच्या वॉचमनसमोरून कोण जाणार, तेवढं सरांना विचारा.

इथे पत्र्याची शेड आहे. दुपारी स्कॅनर इतका तापतो की हातात धरवत नाही. नेटवर्क आलं तर आलं. तुमच्या त्या मशीनला दोन बटणं, 'काढला' आणि 'सापडला नाही'. यातलं एक दाबल्याशिवाय ते पुढे जात नाही. आता मशीनच गोंधळ घालतं त्याला आम्ही काय करायचं?

माल काढायला पाच जणी आहेत. सगळ्यांत मोठी शेवंतीमावशी, मालवणकडची. गोडाऊन उघडलं तेव्हापासून आहे. कुठल्या फळीवर काय, हे तीच ठरवते आणि बाकीच्या चौघी तिच्या शब्दाबाहेर नाहीत. मी ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातली. आमच्याकडे तोंडावर भांडतात, पाठीमागे चोर म्हणत नाहीत. सरांना एकदा इथे येऊन बघायला सांगा. एसीतून येतील तर पाण्याची बाटली घेऊन या म्हणावं.

नमिता
(मॅडम नको. नुसतं नमिता चालेल.)


११ फेब्रुवारी
अंधेरी

नमिता,

मग मलाही नुसतं अनुपमा म्हण. मॅडम म्हणवून घेण्याइतकी ताकद राहिलेली नाही.

चार दिवस नुसती शोधाशोध केली. स्कॅनरची वेळ आणि इथली वेळ जुळते. नेटवर्क गेलं तरी नोंद नंतर येते, हरवत नाही. एकाच नगाला दोन कोड आहेत का तेही पाहिलं, नाहीत. सॉफ्टवेअरवाल्या पोराने तर माझ्यासमोर सगळं पुसून पुन्हा भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल ओळी जशाच्या तशा. तो पोरगा बिचारा रडायला आला होता. मला रडायलाही कंटाळा आला.

पण एक गोष्ट दिसली. जो नग 'सापडत नाही' तो नेहमी शेवटचा असतो. फळीवर पाच असले तर चार बिनबोभाट निघतात. पाचवा मागितला की गायब. दोन नग गायब झालेत असं एकदाही नाही. नमिता, चोर इतका शिस्तीचा नसतो गं. आणि मशीनही नाही. मशीन बिघडलं की कसंही बिघडतं.

हे माणसाचं काम आहे. कोणाचं आणि का, तेवढं सांग. मला घरी आजारपण आहे, डोकं ठिकाणावर नाही. कोडी सोडवायचं त्राण नाही.

अनुपमा


१२ फेब्रुवारी

अनुपमा,

शेवटचा म्हणजे फळीच्या मागच्या बाजूला गेलेला असणार. उंच फळी आहे, हात पोचत नाही, दिसत नाही. मोजणीच्या दिवशी शिडी लावतो तेव्हा दिसतो. एवढंच असेल. शिडी कायमची लावून ठेवायला सांगते. विषय संपव ना आता.

घरी कोण आजारी आहे? जास्त आहे का?

नमिता


रविवार, १६ फेब्रुवारी
कांदिवली, घरून

नमिता,

हे ऑफिसच्या मेलवरून लिहीत नाही, माझ्या स्वतःच्या मेलवरून लिहितेय. आज मी ऑफिस नाही.

आजारी माझे बाबा आहेत. डिसेंबरात झटका आला, डावी बाजू गेली. हात थोडा परतलाय. पण पाऊल खाली लोंबतं. उभं केलं की बोटं जमिनीला घासतात. फिजिओथेरपीवाली म्हणाली, पाऊल सावरून धरणारा स्प्लिंट आत्ता घाला, उशीर केला तर पाऊल तसंच आखडेल आणि मग चालणं विसरा. बाबांची चण लहान. त्यांच्या मापाचा डावा स्प्लिंट बोरीवली, कांदिवलीतल्या दुकानांत नाही. शेजाऱ्यांनी त्यांच्याकडचा जुना दिला, तो मोठा होता. टाचेला जखम झाली.

मग मी आपलंच अॅप उघडलं. लहान माप, डावा, शिल्लक एक. इतका आनंद झाला की बाबांना फोटो दाखवला. ऑर्डर टाकली. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर आलं, 'क्षमस्व, सापडला नाही, ऑर्डर रद्द.' महिनाभर मी जी ओळ रोज बघतेय ती माझ्याच हातात आली. बाबा विचारतात, कधी येणार गं तो? मी म्हणते, येतोय.

काल तुमची मोजणी झाली. स्प्लिंट, लहान, डावा: एक. नमिता, ती फळी उंच नाही. मी नकाशा पाहिला, खालून दुसरी आहे. तिथे शिडी लागत नाही.

तो नग तिथे आहे. मला खोटं सांगू नकोस.

अनुपमा


सोमवार, १७ फेब्रुवारी
(हाताने लिहिलेलं, टेम्पोवाल्याबरोबर)

अनुपमा,

मेलवर लिहायची हिंमत नाही म्हणून कागदावर लिहितेय. अक्षर समजून घे.

तो नग फळीवर आहे. सगळेच नग फळीवर असतात. शेवंतीमावशी शेवटचा नग काढू देत नाही.

तिचं म्हणणं, फळी एकदम रिकामी करायची नाही. घरात आपण तांदळाचा डबा खरवडून काढतो का? मूठभर ठेवतो, नवीन येईपर्यंत. माझी आई ठेवते, तुझीही ठेवत असेल. तसंच ती इथे करते. "फळी एकदा रिकामी झाली काय परत भराची नाय," म्हणते. बाकीच्या चौघी तिचं ऐकतात. खरं सांगायचं तर मलाही त्यात वावगं वाटलं नाही. आम्ही लहानपणापासून हेच बघितलंय. मग स्कॅनरवर काय दाबणार? 'आहे, पण देत नाही' असं बटण तुम्ही दिलेलं नाही. म्हणून 'सापडला नाही'.

तुला वाटेल मग हे जानेवारीतच का सुरू झालं. तेच मी तिला आज सकाळी विचारलं. तू सांगितलंस तेव्हापासून मला जेवण गेलं नाही. आधी ऑर्डर फोनवर यायच्या, स्लिप मी हाताने लिहायचे, मराठीत. 'अमुक मेडिकल, घाटकोपर' किंवा 'काशीबाई, मुलुंड, खुबा मोडला'. दुकानाची स्लिप असली तर मावशी शेवटचा नग ठेवायची, मी दुकानाला एक कमी पाठवायचे, कोणाचं काही अडायचं नाही. पण स्लिपवर पेशंटचं नाव असलं की ती स्वतः उठून शेवटचा नग काढून द्यायची. तो ठेवलेलाच त्यासाठी असायचा. कोणी दारात आलं तर नाही म्हणायला नको, म्हणून.

आता स्लिपवर फक्त आकडे येतात आणि काळ्या रेघा. मी तिला म्हटलं, मावशी, पलीकडे पेशंट होते गं. ती उलट मलाच म्हणाली, "माका काय म्हायत? कागदार नुसतो नंबर येता. माका वाटला मशीनच मागता. मशीनीचो काय पाय मोडलो हा?"

तुझ्या बाबांचं सांगितल्यावर ती कोपऱ्यात जाऊन बसली. डोळ्याला पदर लावून. मी कधी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

स्प्लिंट उद्याच्या टेम्पोने गुपचूप पाठवते. आणि मी तुला शिडीची थाप मारली त्याबद्दल मला काय बोलायचं ते बोल.

नमिता


मंगळवार, १८ फेब्रुवारी
(त्याच टेम्पोवाल्याबरोबर)

नमिता,

स्प्लिंट अजिबात पाठवू नकोस! हात जोडते. सरांनी कालपासून गेटवर टेम्पो तपासायला सुरुवात केलीय. बिलाशिवाय एक नग जरी बाहेर सापडला तर ते म्हणतील, बघा, मी म्हणत नव्हतो? आणि तो नग माझ्या घरी निघाला तर तुझ्याबरोबर मीही जाईन. बाबा महिनाभर थांबलेत, अजून आठवडा थांबतील. हे लिहिताना मला काय होतंय ते मलाच ठाऊक.

रागावू कोणावर? तुझं पत्र वाचून आधी हसले, मग टॉयलेटमध्ये जाऊन रडून आले. दोन मजले भरून इंजिनिअर बसलेत आमच्याकडे. नवीन स्लिप बनवताना 'नाव कशाला, जागा वाया जाते' असं कोणीतरी म्हणालं असेल आणि सगळ्यांनी माना डोलावल्या असतील. त्यात माझीही मान असेल. आठवत नाही.

आता ऐक. सरांना 'तांदळाचा डबा' असं सांगितलं तर ते मावशीला अंधश्रद्धाळू म्हणून दुपारच्या आत घरी पाठवतील. म्हणून मी मावशीचा नियम त्यांच्या भाषेत मांडणार आहे. दोन गोष्टी करते. एक, दुकानांना शेवटचा नग दिसणारच नाही, सिस्टीमच तो बाजूला ठेवेल. तो फक्त पेशंटला मिळेल. दोन, स्लिपवर पेशंटचं नाव आणि गाव येईल, मराठीत. आडनाव आणि आजार छापू देणार नाहीत, ते खासगी असतं म्हणे. असू दे. नाव तर येईल.

तोवर मावशीला सांग, काही हलवू नको, काही बोलू नको.

अनुपमा


सोमवार, २४ फेब्रुवारी
मानखुर्द

अनुपमा,

शुक्रवारी तुझ्या नव्या स्लिप आल्या. मराठी नावाच्या जागी नुसते चौकोन छापून आले, ओळीने. माल काढणारी किरण म्हणाली, हे कुठल्या देशाचे पेशंट? तू फोनवर (हो, मोडला सरांचा नियम) काय काय दाबायला सांगितलंस ते दाबलं आणि शनिवारी दुपारी पहिलं नाव उमटलं, 'सुहासिनी, मुलुंड'. आम्ही सगळ्या प्रिंटरभोवती उभ्या. मावशीने ती स्लिप दोनदा वाचली आणि गेली, मानेचा शेवटचा पट्टा घेऊन आली. फळीला नुसता हात लावून आली.

आज सकाळपासून तीन फळ्या रिकाम्या झाल्यात. प्रत्येक नावाला ती काहीतरी पुटपुटते. "हेका वॉकर लागता, धरूक कोण हा काय घरात?" वगैरे. काम हळू होतंय, पण होतंय. लाल ओळ एकही नाही ना? मी बघितलं नाही, बघायची भीती वाटते. वाचलो ना आपण?

बाबांची ऑर्डर टाक आता. झकास बिलासकट पाठवू.

नमिता


गुरुवार, २७ फेब्रुवारी
कांदिवली, घरून

नमिता,

कसं सांगू ते कळत नाही, म्हणून सरळ सांगते.

रिपोर्ट दिला. लाल ओळ एकही नाही. सरांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. चोरी नव्हती हे त्यांनी मान्य केलं, लेखी. मला वाटलं, झालं. मग ते म्हणाले, "आता तर फारच सोपं झालं. कुठला नग ठेवायचा ते सिस्टीम ठरवते, कोणाला द्यायचा ते स्लिपवर येतं, कुठल्या फळीवर ते स्कॅनर सांगतो. आता हे काम कोणीही करेल." कंत्राटदाराशी बोलणं आधीच झालं होतं. एक मार्चपासून त्याची माणसं येणार. तुमच्या पाचही जणींचा उद्या शेवटचा दिवस.

मी भांडले गं. खूप भांडले. म्हटलं, हा नियम माझा नाही, शेवंतीबाईंचा आहे. सर म्हणाले, उत्तम, त्यांचे आभार पत्रात लिहू. वरून विचारलं, अनुपमा, तू इतकी इमोशनल का होतेस?

तिला वाचवायला म्हणून मी तिचा नियम मशीनमध्ये घातला, आणि आता ती नको झाली. मी नुसती 'बिघाड सापडत नाही' म्हणून बसले असते तरी त्या गेल्याच असत्या, हे मला कळतं. पण तेव्हा चोर म्हणून गेल्या असत्या, आता तसं नाही, याचं समाधान मानायचं का? मला तेवढंही जमत नाहीये. मी फार दमलेय, नमिता.

बाबांची ऑर्डर आज टाकली. त्यांच्याच नावाने. लाज वाटत होती तरी टाकली.

अनुपमा


शुक्रवार, २८ फेब्रुवारी
मानखुर्द

अनुपमा,

स्प्लिंट चारच्या टेम्पोने निघाला. बिल आत आहे, गेटवर सही झालीय, घाबरू नकोस. उद्या सकाळपर्यंत पोचेल. टाचेची जखम भरली असेल तरच घाल, आत मऊ कापड लाव.

सगळ्यांना कालच सांगितलं होतं. किरण खूप बोलली, सरांच्या सात पिढ्या काढल्या. आज मला वाटलं मावशी येणारच नाही, तर सगळ्यांच्या आधी हजर. फळ्या पुसत होती.

अकराच्या सुमारास तुझी स्लिप आली. 'धाकू, कांदिवली'. मावशी म्हणाली, "धाकू? म्हणजे आमच्याचकडचो कोणतरी." मी सांगितलं, अनुपमाचे वडील. तिने स्प्लिंट काढला, डावाच आहे ना ते स्वतःच्या पायाला लावून बघितलं, खोका पुसला आणि स्वतः पॅक केला. चिकटपट्टी इतकी मारलीय की तुला सुरी लागेल. निरोप दिलाय, "धाकूक सांग, घाय करू नको, पाय आधी नीट टेक, मगे चल."

दुपारी जेवताना तिने मला विचारलं, ती नवीन पोरं येतील त्यांना शेवटच्या नगाचं कोण सांगणार? दुकानाला देऊन टाकतील, मग दारात कोणी आलं तर? दिवसभर तिच्या डोक्यात एवढंच होतं. नोकरीबद्दल एक शब्द नाही. मी म्हटलं, मावशी, त्यांना सांगायला नको. आता मशीनलाच माहीत आहे, अनुपमाने शिकवलंय.

तिचा चेहरा एकदम उजळला गं. म्हणाली, "मगे बरा झाला. मी नसलंय तरी चालात."

त्यामुळेच ती नकोशी झाली, हे मी तिला सांगितलेलं नाही. तू तिला भेटायला येशील तेव्हा तूही सांगू नकोस.

नमिता